खारूची खोली

४ मार्च

प्रिय वन्सं,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू आधी खाली बसली असशील. आपल्याकडे पत्र येतं ते कोणी गेल्याचंच. तर आधीच सांगते, कोणी गेलेलं नाही. तुझी भाची आहे, मीही आहे.

फोन उचलत नाही म्हणून तू रागावली आहेस, हे कळलं. पण आमच्या भिंती तुला माहीत आहेत. शेजारी शिंक आली तर आपण रुमाल शोधतो. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी खारूला तिच्या खोलीत शब्द न् शब्द ऐकू जातो, आणि आपल्याबद्दलच चाललंय म्हटल्यावर ती उशी कानांवर ओढून घेते. बाहेर जाऊन बोलावं तर तिला एकटीला सोडून पाय निघत नाही. म्हणून हा कागद.

तुमच्या डेपोत काय बोलतात त्याची मला कल्पना आहे. लॉकरचं दार डोक्याला लागलं, रक्त नाही, टाका नाही, आणि पोरगी डिसेंबरपासून आईच्या घरी लोळतेय. वाकून बूट बांधत होती, उठली, आणि वरच्या उघड्या दाराची कड बसली. त्या दिवशी तीच सगळ्यांपेक्षा जास्त हसली म्हणे. स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, फोटोत दिसत नाही म्हणजे दुखत नाही असं नव्हे. हे एवढं वाक्य मला कोणीतरी मोठ्या अक्षरात लिहून द्यावं, दारावर लावीन.

उजेड सोसत नाही. भांड्यावर भांडं आपटलं की अंगावर काटा येतो. पुस्तक धरलं तर ओळी पोहायला लागतात म्हणते. परवा चमचा हा शब्दच आठवेना. "ते, वाटीत फिरवायचं," म्हणाली आणि रडायला लागली. तेवीस वर्षांची पोरगी, वन्सं. तुझ्या पाठीमागे उभी राहून बसचे गियर पाठ करणारी.

मग मला जे येतं ते मी केलं. जाड काळं कापड आणलं, आतून दुहेरी अस्तर लावलं, खाली घडीत शिशाची साखळी घातली म्हणजे पंख्याच्या वाऱ्यानेही हलायला नको. दोन्ही बाजूंना फट राहते, तिथून उजेडाची सळई आत येते, म्हणून कडांना वेगळ्या पट्ट्या शिवून त्या चौकटीला चिकटवल्या. इतकी वर्षं लोकांचे पडदे शिवले, असं काम कोणाला करून दिलं नव्हतं. भर दुपारी आत स्वतःचा हात दिसत नाही. पडदा लावला त्या दिवशी तिने किती दिवसांनी कपाळावरची आठी सोडली.

एकच मागते. तिची जागा जाऊ देऊ नकोस. तिच्या बॅचची परीक्षा जूनअखेर आहे ना? ही एक गोष्ट ती न अडखळता बोलते.

तुझी,
वहिनी

—

१३ मार्च

वहिनी,

पत्र मिळालं. वाचायला चष्मा आणि खिडकी दोन्ही लागली. लिहितेस की टाके घालतेस?

मला लिहायची सवय नाही. दिवसभर शिकाऊ पोरांवर ओरडायचं, संध्याकाळी घसा गरम पाण्यावर ठेवायचा, एवढंच येतं. तरी लिहिते.

जागा आहे. मॅनेजरशी बोलले. नाव जूनअखेरपर्यंत यादीत राहील, पुढे एक दिवस नाही. बाईने बस चालवायची म्हटलं की अजून इथे निम्म्यांच्या भुवया टोपीत जातात. ही जागा रिकामी झाली तर भरायला साहेबाचा साडू टपलेलाच आहे. तेव्हा जून म्हणजे जून.

आता तुला आवडणार नाही ते. आमच्याकडे एक रीत आहे. शिकाऊने गाडी ठोकली की त्याला चहा पाजायचा आणि त्याच दिवशी परत सीटवर बसवायचं. हात थरथरत असले तरी बसवायचं. घरी पाठवलं की भीती मुरते, आणि मुरलेली भीती मग कशाने निघत नाही. मलाही माझ्या गुरूने असंच बसवलं होतं, कपाळाला बर्फ बांधून. घरी पाठवलेले दोघं आज तिकिटं फाडतायत.

खारू आमच्याच जातीची आहे. तिला लागलं असेल, नाही म्हणत नाही. पण लागलेलं बरं होतं आणि भीती राहते. तू तिला भुयारात ठेवून वर शिशाची साखळी लावलीस. दादा गेल्यापासून तू ताकही फुंकून पितेस, ते मला समजतं. पण हे ताक तिचं आहे.

चार दिवसांसाठी येऊ का? सुट्टी पडून आहे.

तुझी नणंद

—

२ एप्रिल

प्रिय वन्सं,

ताक फुंकणं लांबून सोपं दिसतं.

एवढ्यात येऊ नकोस. राग मानू नकोस, पण तू कुजबुजलीस तरी पुढची गाडी बाजूला होते. तिला अजून माणसांचा आवाज पेलत नाही. डॉक्टरांनी आराम सांगितलाय. पूर्ण आराम.

मशीन घरातून हलवलं. तिला ते भिंतीतून दाताच्या ड्रिलसारखं ऐकू यायचं. कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीवाल्याने त्याची मागची खोली दिली. तिथे वाफेत बसून शिवते. कापडाला ओल लागते आणि चुण्या नीट पडत नाहीत. एका हॉटेलवाल्याने अख्खी ऑर्डर परत केली. करू दे. दर थोड्या वेळाने घरी पळत येऊन तिच्या दाराला कान लावते. श्वास ऐकू आला की परत जाते. लॉन्ड्रीवाला म्हणतो, "बाई, तुम्ही शिवायला येता की धावायला?"

वरच्या मजल्यावरची निवृत्त मास्तरीण जिन्यात गाठते. परवा म्हणाली, "आमच्या वेळी डोकं दुखलं तर आम्ही भांडी घासायचो. घासता घासता जायचं." मी म्हटलं, "मग पाठवू का आमची भांडी वर?" आता बोलत नाही. बरंच झालं, जिना तेवढा शांत झाला.

खारू शांत आहे. आधी चिडायची, आता तेही नाही. दूध नेलं तर पिते, नाही नेलं तर मागत नाही. काल तिने मला विचारलं, "आई, सकाळ आहे की संध्याकाळ?" मला वाटलं, छान झोप लागली होती म्हणून विचारते. शरीर आतून भरून येत असेल तेव्हा माणूस असाच झोपतो ना? बाळ असताना तापातून उठली की अशीच पडून राहायची.

यादीतलं नाव तेवढं सांभाळ.

वहिनी

—

१० एप्रिल

खारू,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. एका वेळी एक ओळ वाच.

तुझी सीट तुझीच आहे. मी जूनपर्यंत कोणाला बसू देत नाही.

तुझ्या बॅचमधल्या दाढीवाल्याने काल रिव्हर्स घेताना सगळे लाल कोन पाडले. म्हणाला, कोन चुकीच्या जागी होते.

तू कशी आहेस ते तू सांग. आई सांगते ते नको. तिचं मला पाठ आहे.

घाई नाही. दोन शब्द लिहिलेस तरी चालतील.

आत्या

—

२१ एप्रिल

आत्या,

हे एका दिवसात लिहिलेलं नाही. आई लॉन्ड्रीत असते तेव्हा पडद्याची कड उचलून, तेवढ्या पट्टीत लिहिते. डोळे थकले की बंद. म्हणून शाई वेगवेगळी दिसेल.

डोकं दुखतं पण सारखं नाही. जास्त त्रास वेगळाच. डोक्यात कापूस भरल्यासारखा आहे आणि विचार करायला गेलं की तो ओला होतो. हे आईला सांगितलं तर ती अजून एक पट्टी शिवेल.

दाढीवाल्याचं वाचून हसले. हसल्यावर दुखलं, पण हसले.

तू आईवर रागावू नकोस, पण सांगते. डॉक्टरांनी दोघींसमोर सांगितलं होतं. दोन-तीन दिवस आराम, मग रोज थोडं बाहेर. त्रास वाढला की थांबायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. पहिल्या वेळी आईने मला औषधाच्या दुकानापर्यंत नेलं. मी तिथेच ओकले आणि खाली कोसळले. माणसं जमली. कोणीतरी म्हणालं, भर दिवसा पिऊन आलीय. आईने ते ऐकलं. त्यानंतर, "पुढच्या आठवड्यापासून जाऊ हं." पुढचा आठवडा येतो तेव्हा ती दाराशी उभी राहून माझ्याकडे अशी बघते की मीच म्हणते, आज नको.

आता मला बाहेरची भीती वाटते. ही भीती आधी नव्हती.

पडदे इतके सुंदर झालेत आत्या, की ते काढ म्हणायची लाज वाटते. तिने बोटांना सुया टोचून घेतल्यात.

गाडी येईल मला. सगळं डोक्यात आहे. क्लच कुठे सोडायचा तेही. आरशांचं काय ते बघू.

जून जवळ आला ना?

खारू

—

२६ एप्रिल

वहिनी,

"पूर्ण आराम" कोण म्हणालं? डॉक्टर की तू?

मला कसं कळलं ते विचारू नकोस. पोरीवर तर अजिबात डोळे वटारू नकोस. तुझ्यावर आवाज चढवायचा नाही असं ठरवून लिहायला बसले होते, पण ते मला जमत नाही. औषधाच्या दुकानापर्यंत एकदा गेलात आणि एका रिकामटेकड्याच्या तोंडावर दार लावून घेतलंत? दादा असता तर त्याने त्या माणसाला औषध दिलं असतं.

मी शनिवारी येते. तिला माझ्याकडे नेते, हवापालट म्हणून. माझ्या घरापुढे झाडं आहेत, मागे मोकळं मैदान आहे. रोज थोडं चालवीन, डॉक्टरांनी सांगितलं तसंच. तू तुझी ऑर्डर पूर्ण कर आणि एकदा पोटभर झोप.

नाही म्हणू नकोस. म्हणालीस तरी येणार आहे.

नणंद

—

३० मे

वन्सं,

काल तुमच्या डेपोची व्हॅन तिला सोडून गेली. मागच्या सीटवर आडवी होती, डोळ्यांवर तुझी ओढणी. व्हॅन चालवणारा मुलगा भला होता, त्याने तिला उचलून आत आणलं. त्याच्याकडून मला कळलं की माझी मुलगी बस चालवत होती आणि एका माणसाचा पाय तिच्या चाकाखाली गेला.

मी ती तुला झाडांसाठी दिली होती. झाडांखाली चालायला दिली होती.

ती बोलत नाही. पाणी पाजलं तर अर्धं बाहेर येतं. डॉक्टर येऊन गेले. त्यांनी मलाही ऐकवलं, तुलाही ऐकवलं असतं. म्हणाले, एकीने दाबून ठेवली आणि दुसरीने ढकलून दिली, मधलं कोणालाच सुचलं नाही का?

पडद्यांवरून तू मला जे बोललीस ते खरं होतं. पण माझ्या खोलीत कोणाचा पाय मोडला नाही.

पत्र पाठवू नकोस.

—

१२ जून

वहिनी,

नको म्हणालीस तरी पाठवते. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. व्हॅनवाल्या पोराने निम्मं सांगितलं असेल.

पहिले तीन आठवडे मी सांगितलं तसंच केलं. मैदानाला चक्कर, सावलीत बसणं, परत. ती सुधारत होती. जेवताना बोलायला लागली. एकदा माझी नक्कलसुद्धा केली, मी मॅनेजरला कशी "हो साहेब" म्हणते त्याची. मला वाटलं, आपली खारू आली परत. तिने दोनदा विचारलं, "आत्या, यार्डात नेशील?" दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझ्यातली मास्तरीण जागी झाली. भीती निघतेय तोवर बसवायचं, अशी आमची रीत. परीक्षेआधी एकदा हात मोकळा होईल. रविवारी यार्ड रिकामं असतं. कोणाला विचारलं नाही.

सरळ गाडी घेतली तिने लोण्यासारखी. मी बाजूला उभी राहून "शाबास" म्हणाले. तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी विसरणार नाही, आता विसरावंसं वाटलं तरी.

मग मी रिव्हर्स घ्यायला सांगितलं. मीच सांगितलं. ती डाव्या आरशात बघे, उजव्या आरशात बघे, पुन्हा डाव्या. मला वाटलं, काळजी घेतेय. तोंड पांढरं पडलेलं मला काचेतून दिसलं नाही, काचेवर ऊन होतं. मी हाक मारली, "थांबलीस का, ये मागे." ती आली. मध्येच स्टिअरिंगवर ओणवी झाली, ओकली, आणि पाय ब्रेकवरून सुटला. मागे गाड्या धुण्याची शेड आहे. रविवारचा कोणी नसतो तिथे. आमचा धुणारा म्हातारा स्वतःची सायकल धुवायला आला होता.

घोट्याच्या वर हाड मोडलं. पाय राहिलाय, पण पूर्वीसारखा राहणार नाही म्हणतात. मी रोज जाते. तो मला म्हणतो, "बाई, तुम्ही रोज येता, मला वाटतं मी मरणारच आहे." त्याची बायको माझ्या हातातलं फळ घेते आणि खाली ठेवते.

मला शिकवण्यावरून काढलं. आता मी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसते. लोकांच्या छत्र्या, डबे, एकेक बूट. यादीवरचं तिचं नाव काढलंच असतं, पण मी मॅनेजरला म्हटलं, जूनअखेरपर्यंत राहू द्या, आजारी माणसाचं नाव मध्येच खोडू नका. तो म्हणाला, "कशाला?" तरी त्याने ठेवलं.

तुझी चूक पदराखाली होती, वहिनी. माझी उघड्यावर झाली, एवढाच फरक, असं एकदा लिहिलं होतं. ते खोडलं. खरं नाही ते. माझी मोठी आहे.

ती कशी आहे, एवढं एका ओळीत कळव.

—

३ ऑगस्ट

आत्या,

आईने तुझं जूनमधलं पत्र मला वाचून दाखवलं. ते तू तिला पाठवलं होतंस, तरी वाचलं. ती आता वाचते. एक परिच्छेद, मग थांबते, मग मी मान हलवली की पुढचा.

हे मीच लिहिते आहे. चार सकाळी लागल्या.

मध्ये मी वाईट होते. तुला खोटं सांगणार नाही. काही दिवस मला वाटत होतं, उद्याची सकाळ उजाडली नाही तरी चालेल. ते मी आईला बोलून दाखवलं. मला वाटलं ती कोसळेल. तिने माझ्या पलंगाशेजारी चटई टाकली आणि सकाळी डॉक्टरांकडे नेलं, भर उन्हात, डोक्यावर चादर टाकून. रस्त्यात लोक बघत होते. ती त्यांच्याकडे अशी बघत होती की त्यांनीच रस्ता बदलला. तिथे आता मी दोन जणांकडे जाते. एक बोलायला आणि एक डोळ्यांचे न् मानेचे व्यायाम करून घेणारी. ती तुझ्याहून कडक आहे. "थकलीस की सांग, शहाणपणा करू नकोस," म्हणते.

आता जे सांगायचं ते. आरशात मला सगळं दोन दोन दिसत होतं. दोन शेड, दोन कोपरे. ते आईच्या घरी असतानाही दिसत होतं, वाटीसुद्धा दोन. मला माहीत होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू सीट धरून ठेवली होतीस. एवढी धरून ठेवलेली वस्तू घ्यायची नाही म्हणायची हिंमत होईना. तेव्हा सगळं तुझ्यावर घेऊ नकोस. त्या आजोबांना मी वेगळं लिहिलंय. तू वाचून दाखव, त्यांना वाचता येत नाही म्हणालीस ना मागे.

जूनमध्ये मी मॅनेजरना पत्र टाकलं होतं, नाव काढा म्हणून. त्यांनी तुला सांगितलं नाही वाटतं. डोळे बरे होतील, पण बस चालवण्याइतके होतील की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. विचारलं तर पेन बंद-चालू करतात. म्हणून मी विचारणं सोडलं.

आई अजून तुझं नाव काढत नाही. पण काल "तुझ्या आत्याचा आवाज" असं काहीतरी म्हणाली आणि मग भाजी चिरत बसली. तू लिही तिला. छोटं लिही.

खारू

—

१४ सप्टेंबर

वन्सं,

तुझं छोटं पत्र पोचलं. दोन ओळीत तू एवढी गप्प बसू शकतेस हे मला ठाऊक नव्हतं. धुणारे आजोबा काठीवर उभे राहिले, हे खारूला सांगितलं. ती भिंतीकडे वळली, पण रात्री जेवली.

सगळं सरळ झालंय असं समजू नकोस. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी पुन्हा तळाला. परवा दिवसभर बोलली नाही. शब्द अजून हरवतात. पैलतीर दिसतो असं मी म्हणणार नाही. दिसत नाही. डॉक्टर म्हणतात वर्ष, मग म्हणतात दोनही लागतील, मग घड्याळ बघतात.

पडदे मी काढले. एकदम नाही. आधी कडांच्या पट्ट्या उसवल्या. मग एक अस्तर, मग दुसरं. मी उसवायची, ती बसून बघायची. "आई, शिवताना एवढं तोंड वाकडं नव्हतं तुझं," म्हणाली.

ती आता एकटी बाहेर जाते. व्यायाम घेणारीने सांगितलंय, एकटी. गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. मी बरोबर जायचं नाही, खिडकीतून बघायचं नाही, घरी बसायचं. पहिल्या दिवशी ती गेली आणि मी तांदूळ निवडत बसले. निवडलेलेच पुन्हा निवडले.

काल यायला उशीर झाला. मी किती थांबले ते विचारू नकोस. मग दार ओढलं आणि निघाले. कोपऱ्यावर पोचले तर ती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसली होती. डोकं गुडघ्यात. समोर ओकली होती. एक बाई तिच्याजवळ वाकून काहीतरी विचारत होती. खारूने हात वर केला, "थांबा" म्हणतात तसा, आणि बाई थोडी मागे सरकून उभी राहिली.

वन्सं, मी लॉन्ड्रीच्या दाराआड उभी होते. पाय पुढे जात होते, मी चौकट धरून ठेवली. लॉन्ड्रीवाला आतून म्हणाला, "बाई, ती तुमचीच ना?" मी म्हटलं, "हो. बोलू नका." तोही इस्त्री उभी करून माझ्यामागे येऊन थांबला. शहाणा माणूस.

मग ती उठली. एकदा बसली. परत उठली. त्या बाईला काहीतरी सांगितलं, बहुतेक आभार मानले असतील, आणि भिंतीला हात लावत घराकडे निघाली. मी मागच्या बोळातून धावले. या वयात मी अशी धावेन हे मला कोणी सांगितलं असतं तर हसले असते. ती आत आली तेव्हा मी तांदळाच्या ताटापुढे बसलेली होते, छाती भात्यासारखी वरखाली.

ती दाराशी थांबली. तोंड राखेसारखं होतं. म्हणाली, "तू आली होतीस?"

मी म्हटलं, "नाही. का?"

"काही नाही," म्हणाली. पलंगावर आडवी झाली, डोळ्यांवर हात घेतला. मी पाण्याचा पेला उशाशी ठेवला आणि जायला वळले तेव्हा म्हणाली, "उद्या येशील तेव्हा चपला घालून ये. अनवाणी आली होतीस. तिथे काचा असतात."

तुझी,
वहिनी